मापाचं पाणी

जहाजाच्या पोटातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. वर डेकवर ऊन चटके देत होतं आणि आत गारव्याने अंगावर काटा येत होता. संशोधन-जहाज बंदराला लागलं होतं, ओळखीतून आत शिरायला मिळालं होतं. अवाढव्य विंच, तिच्यावर गुंडाळलेली काही किलोमीटर लांबीची तार, खोल पाण्याचे नमुने आणणाऱ्या बाटल्यांचं गोल कडं, सगळं बघून झालं होतं. त्यामानाने ही खोली अगदीच साधी. टेबलावर एक करडं यंत्र, शेजारी क्रेटमध्ये ओळीने लावलेल्या काचेच्या बाटल्या आणि एक तरुण संशोधक. बाटल्यांतलं पाणी खोलीच्या तापमानाला यावं म्हणून त्या आदल्या दिवसापासून तिथेच ठेवल्या होत्या. तिने वेगळ्या खोक्यातून एक सीलबंद बाटली काढली, तोंड कोरडं पुसलं, उलटसुलट करून पाणी हलवलं आणि सील काढून यंत्राची नळी आत सोडली. यंत्रातल्या छोट्या काचेच्या नळकांड्यात पाणी चढलं. तिने ते सोडून दिलं. पुन्हा चढवलं, पुन्हा सोडलं. मग कुठे आकड्याकडे पाहिलं.

"हे कुठलं पाणी?" मी विचारलं.

"अटलांटिकचं," ती म्हणाली. "आधी हे लावायचं. मग आपलं."

तिच्या दृष्टीने एवढ्यावर विषय संपला होता. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. ज्या समुद्राचा खारटपणा मोजायचा तो बाहेर जहाजाला धडका देत होता, आणि तो किती खारट आहे हे ठरवायला हजारो मैलांवरच्या दुसऱ्या समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. त्या बाटलीवर तुकडीचा क्रमांक होता, एक गुणोत्तर छापलेलं होतं, बस्स. हेच पाणी खरं धरायचं हे कुणी ठरवलं? आणि त्याहून नवल म्हणजे, सगळ्यांनी ते मानलं कसं?

शोधत गेल्यावर गोष्ट हेरिंग आणि कॉड माशांपाशी जाऊन पोचली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर युरोपातल्या देशांना मासेमारीतल्या चढउतारांनी घोर लावला होता. मासा कुणाची हद्द पाळत नाही. त्यामुळे एकेका देशाने आपापल्या किनाऱ्यालगत मोजमाप करून काही हाती लागत नव्हतं. १८९९मध्ये स्टॉकहोमला बैठक झाली आणि १९०२मध्ये कोपनहेगनला समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद उभी राहिली. तेव्हा अडचण अशी होती, की प्रत्येकाची प्रयोगशाळा वेगळी, खारटपणा मोजायला वापरायचं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण वेगळं, हात वेगळा. एकाच पाण्याचे दोन ठिकाणी दोन आकडे यायचे. मार्टिन क्नुडसेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने त्यावर तोडगा काढला. उत्तर अटलांटिकचं पाणी आणायचं, गाळायचं, खारटपणा किलोमागे ३५ ग्रॅमच्या जवळ आणायचा, काचेच्या नळ्यांत भरून त्यांची तोंडं वितळवून बंद करायची आणि त्या सगळीकडे पाठवायच्या. आधी हे मोजा, मग तुमचं मोजा. कितीतरी दशकं त्याला कोपनहेगनचं पाणीच म्हणत. १९७०च्या दशकात हे काम ब्रिटनमध्ये गेलं, दरम्यान क्षारता, म्हणजे खारटपणा, विजेच्या वहनावरून काढायची पद्धत रूढ झाली, १९७८मध्ये मोजपट्टी नव्याने ठरली. पण बाटली राहिली. मधल्या काळात दोन महायुद्धं होऊन गेली. एकमेकांची शहरं बेचिराख करणाऱ्या देशांचे शास्त्रज्ञ त्याआधीही आणि त्यानंतरही त्याच पाण्याशी आपलं पाणी ताडून बघत होते.

आकडा एवढा काटेकोर कशाला लागतो, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण खोल समुद्रात, जिथे पाणी शेकडो वर्षं सूर्य बघत नाही, तिथे एका भागातलं पाणी आणि दुसऱ्या भागातलं पाणी यांतला फरक दशांश चिन्हानंतर तिसऱ्या घरात असतो. तेवढ्या फरकावर कुठलं पाणी कुठून आलं, किती जड आहे, कोणत्या बाजूला वाहतंय हे ठरतं. दोन देशांच्या जहाजांच्या मापात त्याहून मोठी तफावत असली, तर नकाशावर असा प्रवाह उमटतो जो समुद्रात नाहीच. आणि खरा असलेला प्रवाह पुसला जातो. म्हणजे सहकार्य हे आधी मोजायचं आणि मग कधीतरी करायचं, असं इथे चालतच नाही. ते झाल्याशिवाय मोजलेल्याला अर्थच येत नाही.

हिंदी महासागराच्या मोहिमेबद्दल वाचताना मला हेच पुन्हा दिसलं. १९५९ ते १९६५ या काळातली ती आंतरराष्ट्रीय मोहीम. शीतयुद्ध ऐन भरात होतं, क्यूबाचा पेचप्रसंग याच वर्षांत होऊन गेला. आणि तरीही सोव्हिएत 'वित्याझ', ब्रिटिश 'डिस्कव्हरी', भारतीय नौदलाची 'किस्तना' आणि अमेरिकेची जहाजं एकाच महासागरात आपापल्या रेघा आखून घेऊन फिरत होती. त्यांतलं 'अँटन ब्रून' म्हणजे आधीची अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची खासगी नौका. पाहुण्यांच्या सरबराईचं ते जहाज आता जाळी आणि बाटल्या घेऊन निघालं होतं, आणि त्याला नाव दिलं होतं एका डॅनिश जीवशास्त्रज्ञाचं, जो युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाचा पहिला अध्यक्ष होता. मला मात्र या जहाजांहून जास्त जवळची वाटते ती त्यांची जाळी. सगळ्यांनी एकाच घडणीची जाळी वापरायची असं ठरलं होतं. २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढायची, एकसारखी, म्हणजे कुणाच्या जाळ्यात किती सूक्ष्म जीव आले याची तुलना करता येईल. ते नमुने कोचीला एका केंद्रात जमा व्हायचे आणि तिथे माणसं सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक करून निवडत बसायची. फॉर्मॅलिनचा डोळे झोंबणारा वास, काचेच्या बशीत पारदर्शक कोळंबीवर्गी जीव, सुईच्या टोकाने इकडून तिकडे सरकवायचे. आज निवडलेला जीव सोव्हिएत जाळ्यातला की अमेरिकी, हे त्या बशीत ओळखायला आलं नसतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली याच मोहिमेतून उभी राहिली.

इतकं सरळ मात्र हे कधीच नव्हतं.

समुद्र मोजण्यामागे विज्ञानाइतकंच आरमारही उभं आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९३०च्या दशकात ॲथलस्टन स्पिलहाउस यांनी पाण्याचं तापमान खोलीनुसार टिपणारं उपकरण केलं. पितळी नळकांडं पाण्यात सोडायचं, आत काजळी धरलेली काचेची पट्टी आणि तिच्यावर सुई. खाली जाता जाता सुई काजळीत एक वाकडी रेघ ओढायची. नखाएवढी ती रेघ. पण दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर माणसं जगली आणि मेली. पाण्यात आवाज किती वेगाने आणि कुठे वळून जातो हे तापमान आणि खारटपणावर ठरतं. वरचं कोमट पाणी संपून खालचं थंड पाणी जिथे सुरू होतं, तिथे सोनारचा, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राचा, आवाज वळतो, आणि त्या थराखाली पाणबुडी दडून राहू शकते. ज्या आकड्यांवरून चक्रीवादळ किती तापेल, पाऊस कसा वागेल याचा अंदाज बांधतात, त्याच आकड्यांवरून पाणबुडी शोधतात किंवा लपवतात. म्हणून कुठल्याही देशाने आपल्या दारातल्या पाण्याचं तापमान जगाला उघडं करणं ही साधी गोष्ट मानायला मी तयार नाही.

या पार्श्वभूमीवर अर्गो नावाचा प्रकल्प बघितला की मला खरोखर भरून येतं. १९९९-२०००च्या सुमाराला सुरू झाला. माणसाच्या उंचीचं, वीस-पंचवीस किलोचं एक नळकांडं, डोक्यावर अँटेना. पुष्कळदा ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालूनच जहाजावरून दोरीने पाण्यात सोडतात. खोका भिजून विरतो आणि यंत्र मोकळं होतं. ते १,००० मीटर खोल जातं, तिथे अंधारात आठ-नऊ दिवस प्रवाहाबरोबर वाहतं, मग २,००० मीटरपर्यंत बुडी मारतं आणि तिथून मोजत मोजत वर येतं. बुडण्या-तरंगण्याची युक्ती इतकी साधी आहे, की कळल्यावर हसू येतं. आत थोडं तेल आहे. ते पंपाने बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की यंत्राचं वजन तेवढंच राहून आकारमान वाढतं आणि ते वर येतं. तेल आत घेतलं की खाली. वर आल्यावर उपग्रहाला आकडे सांगायचे आणि पुन्हा खाली. अशी सुमारे ४,००० यंत्रं आज जगभरच्या समुद्रांत आहेत, तीसेक देशांनी सोडलेली. आणि नियम असा, की आकडे साधारण २४ तासांच्या आत सगळ्यांना खुले. फ्रान्समधल्या ब्रेस्टला आणि अमेरिकेतल्या मॉन्टेरीला त्यांची दोन मोठी कोठारं आहेत. कुणीही उघडावं, उतरवून घ्यावं. नाव-गाव, पैसा काही विचारत नाहीत. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे, हे आपण आज इतक्या खात्रीने बोलतो ते या यंत्रांच्या जिवावर.

एका रात्री मी त्यांचा नकाशा उघडून बसले होते. देशानुसार रंग दिलेले ठिपके. जमिनीवर ज्यांचे राजदूत परत बोलावले जातात त्या देशांचे ठिपके एकमेकांना खेटून. कोणत्या तरी ठिपक्यावर बोट ठेवलं, की एक वाकडी रेघ उघडते: वर कोमट, मग एकदम थंड, मग खोलवर जवळजवळ सरळ. जिच्यासाठी कधीकाळी आरमारं एकमेकांवर पाळत ठेवत, तीच रेघ.

आणि ही यंत्रं बिघडतात, हेही सांगायला हवं, कारण मला त्यातच या कामाचा कस दिसतो. २०१५नंतर काही वर्षांत बसवलेल्या बऱ्याच संवेदकांचे क्षारतेचे आकडे हळूहळू जास्तीकडे सरकू लागले. जगाचा समुद्र एकाएकी खारट होतोय असं चित्र उमटायला लागलं. निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या यंत्रांचे आकडे शेजारच्या ठिपक्यांशी आणि जहाजांवरून मोजलेल्या पाण्याशी ताडले, कोणत्या काळातले संवेदक असे सरकतात ते हुडकलं, चुकलेल्या आकड्यांवर खुणा केल्या आणि त्याही खुणा सगळ्यांसमोर ठेवल्या. जहाजांवरून मोजलेलं पाणी म्हणजे तेच, आधी बाटलीशी जुळवून घेतलेलं. एकट्या देशाजवळ फक्त आपलीच यंत्रं असती, तर ही चूक पकडायला किती काळ गेला असता कोण जाणे.

दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात, जिथे जहाजं वर्षातून थोडेच दिवस पोचतात, तिथे सील माणसाच्या मदतीला आले आहेत. हत्ती-सीलच्या डोक्यावर केसांना एक छोटं उपकरण चिकटवतात. तो भक्ष्यासाठी शेकडो मीटर खोल बुड्या मारतो, वर आला की आकडे उपग्रहाकडे जातात. वर्षाची कात टाकायची वेळ आली की केसांबरोबर उपकरणही गळून पडतं. त्याला याचा त्रास किती होतो, हा प्रश्न मला पडतो; संशोधकांनाही पडतो, त्यांनी तो तपासलाही आहे. बर्फाखालच्या पाण्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंच या प्राण्यांनी दिलेलं आहे. त्यांचेही आकडे अनेक देशांनी मिळून एका ठिकाणी ठेवले आहेत.

पण नकाशात भोकं पडतात. साधारण २००८नंतरची काही वर्षं सोमालियाच्या बाजूला चाचेगिरी इतकी वाढली होती, की संशोधन-जहाजं तिकडे जाईनात. मोसमी वारे ज्या समुद्रावरून येतात, जिथला प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो, नेमका तोच भाग मोजमापाविना राहिला. हिंदी महासागरात नांगरून ठेवायच्या बोयांची, म्हणजे मोजमाप करणाऱ्या तरंगत्या यंत्रांची, जी मोठी रांग अनेक देशांनी मिळून आखली होती, तिचं पश्चिम टोक त्यामुळे वर्षानुवर्षं अडून राहिलं. यंत्रं सोडायला शेवटी नौदलांची मदत घ्यावी लागली. जिथे बोये आहेत तिथे दुसरंच दुखणं. बोयाच्या सावलीला मासे जमतात, माशांमागे होड्या येतात, होड्या बोयालाच दोर बांधतात. दोर ताणला की वरचे संवेदक मोडतात, कधी नांगराची तारच तुटते. लाखो रुपयांचं काम आणि वर्षभराचे आकडे वाहून जातात. वाचताना राग येतो. मग त्या होडीतल्या माणसाचा विचार येतो. किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, डिझेल मोजून वापरायचं, आणि समोर पाण्यात एक पिवळी वस्तू जिच्याभोवती मासळी आहे. ती कशासाठी आहे, तिच्यावरून त्याच्याच किनाऱ्याला वादळाचा इशारा मिळतो, हे त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितलंय का? बोयावर लिहिलेली सूचना बहुतेक वेळा त्याला न कळणाऱ्या लिपीत असते. माझा राग त्याच्यावर फार टिकत नाही.

तसाच तो परवानगी नाकारणाऱ्या देशांवरही टिकत नाही. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत परक्या जहाजाला संशोधनासाठी त्या देशाची संमती लागते. संशोधक याबद्दल कुरकुर करतात: महिनोन्महिने उत्तर येत नाही, जहाज निघायच्या वेळी नकार येतो. पण कुणी तरी यायचं, चिखल, पाणी, जीव भरून न्यायचं, आणि पुढे त्यावरच्या शोधनिबंधांत त्या किनाऱ्यावरच्या एकाही संशोधकाचं नाव नसायचं, हे पिढ्यान्पिढ्या चाललेलं आहे. ज्याच्याकडे जहाज त्याचं ज्ञान. अशा ठिकाणी संशय येणं मला तरी स्वाभाविक वाटतं. २००च्या पलीकडचा, कुणाच्याच मालकीचा नसलेला समुद्र म्हणजे एकूण महासागराचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग. त्याच्यासाठी जून २०२३मध्ये जो करार संमत झाला, तो साठ देशांच्या मान्यतेनंतर १७ जानेवारी २०२६ला लागू झाला. त्यात सागरी जीवांचे जनुकीय नमुने गोळा करायच्या आधी सगळ्यांना कळवायचं, मिळणारा फायदा वाटून घ्यायचा, ज्यांच्याकडे साधनं नाहीत त्यांना ती आणि ती वापरायचं शिक्षण द्यायचं, असं लिहिलेलं आहे. त्यासाठी दोन दशकं वाटाघाटी चालल्या. मला यातला शिक्षणाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जहाजावर जागा मिळालेली, यंत्र स्वतः उघडून दुरुस्त करता येणारी त्या त्या किनाऱ्यावरची माणसं असतील, तर परवानगीचा अर्ज टेबलावर असा पडून राहणार नाही.

सहकार्य नसलं की काय होतं, ते हिंदी महासागराने २६ डिसेंबर २००४ला दाखवलं. पॅसिफिकच्या देशांनी १९६०चा चिलीचा भूकंप आणि त्सुनामी सोसल्यावर १९६५पासून इशाऱ्यांची आपसातली व्यवस्था लावली होती. सुमात्राजवळ जमीन हादरली तेव्हा हवाईतल्या केंद्राला काही मिनिटांत ते कळलं. पहिला अंदाज कमी आला, पण तो काही खरा अडसर नव्हता. हिंदी महासागरात कळवायचं कुणाला, हेच ठरलेलं नव्हतं. लाटेला श्रीलंका आणि भारताच्या किनाऱ्याला पोचायला दोनेक तास लागले, आफ्रिकेच्या किनाऱ्याला कितीतरी तास. आणि तिथेही माणसं गेली. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. मृत्यूंच्या त्या आकड्यात न वाजलेले फोन आहेत, आणि ते मला पाण्याहून भयंकर वाटतात.

नंतर भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांची केंद्रं सबंध महासागराला इशारे देऊ लागली. ११ एप्रिल २०१२ला सुमात्राजवळच ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा तिन्ही केंद्रांनी लगोलग संदेश पाठवले, शेजारच्या देशांच्या बंदरांतले पाणीपातळीचे आकडे पाहिले आणि लाट लहान आहे असं दिसल्यावर काही तासांत इशारे मागेही घेतले. सुमात्रातल्या बांदा आचे शहरात तेव्हाही लोक गाड्या घेऊन पळाले, रस्ते तुंबले. इशारा पोचणं आणि माणूस सुरक्षित जागी पोचणं यांत अजून अंतर आहे. पण दुसऱ्याच्या बंदरातला पाण्याचा आकडा त्याच मिनिटाला आपल्याला दिसतो, ही सोय २००४मध्ये नव्हती.

सध्या मला काळजी वाटते ती पैशाची. पाण्यात सोडलेल्या यंत्राची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते आणि ते तिथेच कुठेतरी बुडून राहतं, म्हणजे नुसती आहे ती संख्या टिकवायला दरवर्षी शेकडो नवी यंत्रं सोडावी लागतात. त्यांतली निम्म्याच्या आसपास एकट्या अमेरिकेची. एका देशाच्या अंदाजपत्रकात कात्री लागली, की सगळ्या जगाच्या समुद्राचे ठिपके पातळ होणार. २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांनी समुद्रविज्ञानाचं दशक ठरवलं, परिषदा झाल्या, घोषणापत्रं निघाली, आणि यंत्रांचा खर्च अजूनही मूठभर देशांच्या दरवर्षीच्या मर्जीवर चालला आहे. नवा आराखडा ४,७०० यंत्रांचा आहे. त्यांतली १,००० प्राणवायू, आम्लता आणि हरितद्रव्य मोजणारी, १,२०० थेट ६,००० मीटरपर्यंत जाणारी. यंत्रं सिद्ध झाली आहेत, सोडायची कशी ते माहीत आहे, आकडे कुठे ठेवायचे ते माहीत आहे. ज्यांना लांबच लांब किनारे आहेत, ज्यांची शेती त्या समुद्रावरून येणाऱ्या पावसावर उभी आहे, त्या देशांनी या यादीत आपल्या नावापुढे आणखी पन्नास-शंभर यंत्रं लिहावीत. वर्षाला तेवढी यंत्रं म्हणजे एका लढाऊ विमानाच्या किमतीतलाही लहानसाच तुकडा.